सौर कृषी पंपाचे अनुदान : अर्जाआधीची तयारी

सोयाबीनची मळणी आटोपली आणि हरभऱ्याची पेरणी झाली की वाशिम जिल्ह्यातील शेतकऱ्याची दृष्टी आपोआप विहिरीकडे वळते. या जिल्ह्यातील बहुतांश शेती पावसाच्या भरवशावर आहे. खरिपाची चिंता आभाळ वाहते. परंतु रब्बीचे भवितव्य विहिरीत पाणी किती आहे आणि ते पिकापर्यंत पोचविण्याचे साधन कोणते आहे, यावर ठरते. पाणी आहे पण साधन नाही, अशी स्थिती अनेक शिवारांत दृष्टीस पडते. वीजजोडणीच्या प्रतीक्षेत असलेला शेतकरी तेलाचे इंजिन भाड्याने आणतो. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला लिटरभराच्या आसपास डिझेल खाते. दोन पाणी देण्याऐवजी एकावरच भागवावे लागते आणि हरभऱ्याचे घाटे पोचट राहतात.

अशा शेतकऱ्यांसाठी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या पंपाला शासन मोठे अनुदान देत आले आहे. या योजनेची माहिती आता गावोगाव पोचली आहे. उणीव राहते ती निराळ्याच ठिकाणी. अर्ज भरणे हे संगणकावरील अर्ध्या तासाचे काम आहे, असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. प्रत्यक्षात अर्जाचे यश त्या अर्ध्या तासात ठरत नाही. ते त्यापूर्वीच, सातबाराच्या उताऱ्यावर आणि विहिरीच्या काठावर ठरलेले असते. ज्याचा कागद त्याच्या शेताशी जुळतो, त्याचा अर्ज पुढे सरकतो; ज्याचा जुळत नाही, त्याचा मागे फिरतो. या लेखात त्या पूर्वतयारीचा विचार करावयाचा आहे.

अनुदान कशाचे आणि कोणास

केंद्र शासनाने २०१९ मध्ये ‘प्रधानमंत्री कुसुम’ योजना मंजूर केली. तिचे तीन भाग आहेत. पडीक वा नापीक जमिनीवर लहान सौर विद्युत केंद्रे उभारणे हा पहिला, स्वतंत्र सौर पंप देणे हा दुसरा, आणि वीजवाहिनीवर चालणारे पंप सौर ऊर्जेशी जोडणे हा तिसरा. शेतकऱ्याचा सर्वात जवळचा संबंध दुसऱ्या भागाशी येतो. महाराष्ट्रात प्रथम महाऊर्जा या संस्थेमार्फत कुसुमचे पंप देण्यात येऊ लागले. पुढे २०२४ मध्ये राज्य शासनाने ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना सुरू करून तिची अंमलबजावणी महावितरणकडे सोपविली.

खर्चाची वाटणी पुढीलप्रमाणे आहे. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के रक्कम भरावयाची असते. अनुसूचित जाती व जमातीच्या शेतकऱ्यांचा हिस्सा ५ टक्के आहे. केंद्राचे अनुदान ३० टक्के असून उरलेला भार राज्याकडे आहे. उदाहरणादाखल २०२१ मधील कुसुमचे दर पाहू. त्या वेळी ३ अश्वशक्तीच्या पंपाची किंमत सुमारे १ लाख ९४ हजार, ५ अश्वशक्तीची सुमारे २ लाख ७० हजार आणि साडेसात अश्वशक्तीची सुमारे ३ लाख ७४ हजार रुपये होती. म्हणजे सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा अनुक्रमे १९ हजार ४००, २७ हजार व ३७ हजार ४०० रुपयांच्या आसपास येत असे. दर वेळोवेळी बदलतात. म्हणून आपल्या अर्जावर मिळालेल्या मागणीपत्रातील आकडाच प्रमाण मानावा.

‘मागेल त्याला’ योजनेत पंपाची क्षमता जमिनीच्या प्रमाणात ठरविण्यात आली. अडीच एकरापर्यंत ३ अश्वशक्ती, अडीच ते पाच एकरापर्यंत ५ अश्वशक्ती आणि पाच एकरांवर साडेसात अश्वशक्ती अशी ही मर्यादा आहे. यापेक्षा कमी क्षमतेचा पंप मागण्यास मात्र मुभा आहे. ही मुभा फार मोलाची असून तिचा उपयोग पुढे स्पष्ट होईल.

लाभासाठी पाण्याचा शाश्वत स्रोत असावा लागतो. विहीर, कूपनलिका, शेततळे किंवा बारमाही वाहणारी नदी यांपैकी काहीही चालते. जलसंधारणाच्या कामात साठविलेल्या पाण्याचा उपसा करण्यासाठी मात्र हा पंप मिळत नाही. ज्या शेतात आधीच विजेचा पंप चालू आहे, अथवा ज्यांनी अटल सौर कृषी पंप वा मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजनेतून पूर्वी लाभ घेतला आहे, त्यांचा विचार येथे होत नाही. वीजजोडणीसाठी पैसे भरून वाट पाहणारे शेतकरी अर्ज करू शकतात.

वीजजोडणी असलेल्या शेतकऱ्यांनी आपण उपेक्षित राहिलो असे समजू नये. त्यांच्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. २०१७ मध्ये राळेगणसिद्धी आणि आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथे तिचा पहिला प्रयोग झाला, आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. वाहिनीलाच सौर केंद्राची वीज देऊन पंप दिवसा चालवावे, रात्रीचे जागरण, विंचूकाटा व ओल्या जमिनीवरील विजेचा धोका टाळावा, हा तिचा हेतू आहे. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम येथील कार्यक्रमात या योजनेतील एकूण १९ मेगावॉट क्षमतेच्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पण झाले, हे येथील अनेकांना स्मरत असेल. त्या योजनेत शेतकऱ्याला स्वतः पंपासाठी अर्ज करावा लागत नाही. म्हणून आपण कोणत्या वर्गात मोडतो, हे आधी निश्चित करावे आणि मगच धावपळ करावी.

एका अर्जाची हकिकत

मंगरूळपीर तालुक्यातील एका गावी तीन एकरांची मालकी असलेल्या एका विधवा शेतकरी भगिनीने २०२४ च्या पावसाळ्यानंतर सौर पंपासाठी अर्ज केला. शेतात विहीर, विहिरीला पाणी, वीजजोडणी नाही. कोणीही पाहिले असते तर या पंपाला याहून योग्य लाभार्थी नाही असेच म्हटले असते. अर्ज भरून देणाऱ्याने तिच्याकडून कागद घेतले, पैसे घेतले आणि “झालं काम” असे सांगून तिला परत पाठविले. काही आठवड्यांनी अर्ज त्रुटी काढून मागे आला. त्रुटी तीन होत्या. सातबारावर मृत पतीचे नाव तसेच होते. पतीच्या थोरल्या भावाचे नाव सामाईक असूनही त्याची संमती जोडलेली नव्हती. आणि विहिरीची नोंद उताऱ्यावर कोठेही नव्हती.

त्यातील तिसरी त्रुटी ऐकून ती जे बोलली ते अजून कानांत आहे. “साहेब, सासऱ्यानं खंदलेली विहीर हाय ते. अर्ध्या गावानं तिचं पाणी पेलं. अन् तुमचा कागद म्हन्ते, विहीरच नाही?”

तिचे म्हणणे खरे होते आणि कागदाचेही खरे होते. विहीर चाळीस वर्षांपूर्वी खोदली गेली. परंतु ती कागदावर आणण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण त्याची गरज कधी पडलीच नव्हती. गावातील बऱ्याच विहिरींचे असेच आहे. कार्यालयात बसलेला अधिकारी शेतात येऊन पाहीपर्यंत त्याच्यासाठी शेत म्हणजे उतारा. आणि उताऱ्यावर जे नाही ते त्याच्या दृष्टीने शिवारातही नाही.

त्या वर्षीचा हरभरा भाड्याच्या इंजिनावर एकच पाणी पिऊन उभा राहिला. नोंदी दुरुस्त होऊन दुसरा अर्ज भरेपर्यंत पुढचा उन्हाळा उजाडला, आणि पंप उभा राहिला तो २०२५ च्या डिसेंबरात. म्हणजे तीन किरकोळ नोंदींपायी एक संपूर्ण रब्बी हंगाम हातचा गेला. तीन एकरांवर जगणाऱ्या कुटुंबाला एक हंगाम म्हणजे काय, हे येथे विस्ताराने सांगण्याची गरज नाही. त्या तीन नोंदी अर्जापूर्वीच्या उन्हाळ्यात झाल्या असत्या, तर हा हंगाम वाचला असता.

कागद आधी, अर्ज नंतर

या अनुभवावरून अर्जापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याचा क्रम आम्ही आता ठरविला आहे. तो प्रत्येक गावाला उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट खातेदाराच्या नावाची. उताऱ्यावर आज हयात असलेल्या कसणाऱ्याचे नाव आहे की नाही, हे पाहावे. खातेदार मृत झाल्यास वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, कळवावयाचे असते. परंतु दुःखाच्या दिवसांत ते राहून जाते आणि पुढे वर्षे लोटतात. २०२५ मध्ये प्रथम शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आणि नंतर राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवून अशा मृत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी घेण्यात आल्या. त्या वेळी ज्यांची नोंद राहिली, त्यांनी आता स्वतंत्र अर्ज करून ती करून घ्यावी. फेरफार नोंदविल्यावर हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतरच तो प्रमाणित होतो. हे काम अर्ज भरण्याच्या आदल्या दिवशी होणारे नव्हे. विधवा भगिनींच्या बाबतीत तर या नोंदीचे मोल पंपापुरते नाही. कर्ज, पीक विमा, नुकसानभरपाई या सर्व गोष्टी त्याच एका ओळीवर अवलंबून असतात.

दुसरी गोष्ट सामाईक खात्याची. जमीन अथवा विहीर सामाईक असल्यास इतर हिस्सेदारांची ना हरकत संमती मुद्रांक कागदावर लागते. भाऊबंदकी चांगली असली तरी तोंडी संमती चालत नाही. आणि ती बिघडलेली असली तर संमती मिळविण्यास वेळ लागतो. एका विहिरीवर दोघा भावांचा हक्क असेल, तर पंप कोणाच्या नावे घ्यावयाचा आणि पाण्याची पाळी कशी ठेवावयाची, हे अर्जापूर्वीच चार माणसांत बसून ठरवावे व लिहून ठेवावे. पंप आल्यावर होणारे भांडण मिटविणे त्याहून पुष्कळ कठीण असते.

तिसरी गोष्ट पाण्याच्या स्रोताची. विहीर वा कूपनलिका उताऱ्यावर नोंदलेली आहे काय, हे पाहावे. नसल्यास तलाठ्याकडे अर्ज करून, जागेची पाहणी करवून, ती नोंद घ्यावी. नोंद ज्या गटात विहीर आहे त्याच गटावर पडली पाहिजे. एका गटात विहीर, दुसऱ्या गटावर नोंद आणि तिसऱ्या गटाचा क्रमांक अर्जावर, असाही घोळ आम्ही पाहिला आहे. भूजलाचा अतिउपसा झालेल्या क्षेत्रात विहीर असल्यास भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेचा दाखला लागतो. त्याची चौकशीही याच वेळी करावी.

चौथी गोष्ट नावाच्या सारखेपणाची. आधारपत्र, बँकेचे पुस्तक आणि सातबारा या तिन्हींवर नाव एकाच प्रकारे लिहिलेले असावे. एका ठिकाणी बापाचे नाव, दुसऱ्या ठिकाणी पतीचे आणि तिसऱ्या ठिकाणी आडनाव गाळलेले, असा प्रकार स्त्रियांच्या कागदांत विशेषेकरून आढळतो. आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक आपल्या घरातील माणसाचाच असावा, सेवा केंद्र चालविणाऱ्याचा नसावा. कारण अर्जाच्या सर्व सूचना त्याच क्रमांकावर येतात, आणि दुसऱ्याच्या क्रमांकावर आलेली सूचना आपल्यापर्यंत पोचेलच असे नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदारांनी जातीचा दाखला जवळ ठेवावा. त्याच्या अभावी पाच टक्क्यांऐवजी दहा टक्के भरण्याची पाळी येते.

विहिरीचे माप घ्यावे

कागद नीट झाले की दुसरे काम विहिरीच्या काठावरचे. पंप केवढा मागावयाचा हे बहुतेक शेतकरी शेजाऱ्याकडे पाहून ठरवितात. शेजाऱ्याने साडेसातचा घेतला तर आपण पाचचा का घ्यावा, असा विचार मनात येतो. परंतु आपला प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. या खडकातील विहिरींना पाणी फटींतून व सांध्यांतून हळूहळू येते. पंप कितीही मोठा घेतला तरी विहिरीत नसलेले पाणी तो बाहेर काढू शकत नाही.

यासाठी एक सोपी कसोटी आहे. डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, म्हणजे रब्बीला पाणी लागते त्या काळात, एक दिवस सायंकाळी सहापर्यंत उपसा करून पाण्याची पातळी दोरीने मोजावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा मोजावी. वर उल्लेखिलेल्या भगिनीच्या विहिरीचा व्यास २० फूट होता आणि रात्रीच्या बारा तासांत पाणी ६ फूट चढले. २० फूट व्यासाच्या विहिरीचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस फूट. त्यास ६ ने गुणले की १ हजार ८८४ घनफूट येतात. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर पाणी मावते. म्हणून रात्रीची आवक सुमारे ५३ हजार लिटर झाली. चोवीस तासांची आवक याच्या दुप्पट, म्हणजे १ लाख ६ हजार लिटरच्या आसपास धरता येते. पाणी जसजसे चढते तसतसा झऱ्यांचा ओघ मंदावतो, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. परंतु निर्णयास पुरेसा आहे.

आता पंपाकडे पाहू. ३ अश्वशक्तीच्या सौर पंपास सुमारे ३ हजार वॉटची सौर पॅनेल असतात. विहिरीची खोली व तुषार संचाचा दाब मिळून एकूण १०० फुटांची उचल धरली, तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी असा पंप सुमारे एक लाख लिटर पाणी देतो. ५ अश्वशक्तीचा पंप याच्या दीडपटीहून अधिक पाणी काढू शकेल. परंतु ते विहिरीत आहे कोठे? तीन एकरांमुळे ही भगिनी ५ अश्वशक्तीस पात्र होती. मापाचा हिशेब तिच्यापुढे मांडल्यावर तिने दुसऱ्या अर्जात ३ अश्वशक्तीच मागितली. वर दिलेल्या २०२१ च्या दरांनी पाहिले तरी या दोन पंपांच्या हिश्शांत साडेसात हजार रुपयांचे अंतर पडते. शिवाय विहीर भर दुपारी कोरडी पडून पंप रिकामा फिरण्याचा धोका टळला, तो वेगळाच.

एक लाख लिटरने किती भिजेल? एक एकरावर दोन इंच पाणी द्यावयाचे तर सुमारे दोन लाख लिटर लागतात. म्हणजे एका एकराला दोन दिवस आणि तीन एकरांना सहा दिवस. हरभऱ्यास फांद्या फुटताना एक आणि घाटे भरताना एक अशी दोन पाणी मिळाली तरी पीक सावरते, आणि या दोन पाळ्यांत महिनाभराचे अंतर असते. तेव्हा तीन अश्वशक्तीचा पंप तीन एकर हरभऱ्यास सहज पुरतो. हळद, संत्रा यांसारख्या अधिक पाण्याच्या पिकांसाठी हिशेब वेगळा मांडावा लागेल. कोणत्याही पिकास तुषार वा ठिबक संच जोडल्यास त्याच पाण्यात क्षेत्र वाढते. सूक्ष्म सिंचनाचे अनुदान वेगळे असून त्याचा अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करावा लागतो.

अर्जापासून पाण्यापर्यंत

तयारी पूर्ण झाल्यावर अर्ज करणे खरोखरच सोपे आहे. प्रथम योजना चालू असून अर्ज स्वीकारले जात आहेत ना, याची महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात खात्री करावी. अशा योजनांच्या मुदती व उद्दिष्टे वेळोवेळी बदलत असतात. मग महावितरणच्या अधिकृत संकेतस्थळावर, स्वतः अथवा आपले सरकार सेवा केंद्रातून, अर्ज भरावा. अर्ज सादर होताच लाभार्थी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवावा, कारण पुढील प्रत्येक चौकशी त्याच क्रमांकावर होते.

कागदपत्रांची छाननी झाल्यावर हिस्सा भरण्याचे मागणीपत्र येते. रक्कम भरल्यानंतर मान्यताप्राप्त पुरवठादारांच्या यादीतून एकाची निवड शेतकऱ्याने स्वतः करावयाची असते. हा हक्क दुसऱ्याच्या हाती देऊ नये. आपल्या तालुक्यात कोणाचे पंप चालू आहेत आणि बिघाड झाल्यावर कोण लवकर येतो, हे आधी पंप घेतलेल्या शेतकऱ्यांस विचारावे आणि मग निवड करावी. त्यानंतर जागेची संयुक्त पाहणी होते. त्या दिवशी अर्जदाराने शेतात हजर राहावे आणि विहिरीची खोली, पाण्याची पातळी व पॅनेलची जागा स्वतः दाखवावी. पुरवठ्यास व उभारणीस काही काळ जातो. म्हणून येत्या रब्बीला पाणी हवे असेल तर मागच्या उन्हाळ्यातच हालचाल सुरू केली पाहिजे.

उभारणी पूर्ण झाली असे सांगून कोणी सही मागितली, तर पंपातून पाणी पडलेले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नये. मागितलेली क्षमता आणि बसविलेली क्षमता एकच आहे ना, पॅनेलची संख्या कागदाप्रमाणे आहे ना, हेही मोजून घ्यावे.

फसवणुकीपासून सावध

जेथे अनुदान असते तेथे त्याच्या नावावर पोट भरणारेही जमा होतात. कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आणि संदेश पाठवून शेतकऱ्यांकडून पैसे उकळण्यात आल्याने केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला आणि महाऊर्जेलाही वारंवार जाहीर सूचना द्याव्या लागल्या. त्यापासून बचाव करण्यास तीन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी पुरे.

या योजनेतील अनुदान रोख स्वरूपात शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. ते पंपाच्या किमतीतच वळते होते. म्हणून “तुमच्या खात्यात अनुदान जमा करतो, आधी प्रक्रिया शुल्क भरा,” असे जो म्हणेल तो लबाड समजावा. दुसरे असे की, हिश्शाची रक्कम केवळ मागणीपत्राप्रमाणे आणि अधिकृत मार्गानेच भरावी, पावती जपून ठेवावी, कोणाच्या खासगी खात्यावर वा हातात रोख देऊ नये. तिसरे, भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त अंक कोणासही सांगू नये. मग तो स्वतःला कितीही मोठ्या कार्यालयातील अधिकारी म्हणवीत असो. संशय आल्यास पैसे देण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात जाऊन लाभार्थी क्रमांक दाखवावा. तालुक्याला एक खेप पडेल, पण वीस हजार वाचतील.

पंप आल्यानंतर

पंपासोबत पाच वर्षांची दुरुस्ती हमी आणि विमा असतो. वादळाने पॅनेल फुटले वा चोरी झाली तर पुरवठादारास व महावितरणला ताबडतोब कळवावे. चोरीच्या प्रसंगी पोलिसांत फिर्याद नोंदवून तिची प्रत ठेवावी. हमीच्या काळात स्वतः अथवा गावातील मिस्त्रीकडून यंत्र उघडू नये, अन्यथा हमीच वादात सापडते.

पॅनेल दक्षिणाभिमुख असावीत आणि लिंब, बाभूळ अथवा गोठ्याची सावली त्यांवर पडू नये. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली आली तरी संपूर्ण ओळीचे उत्पादन घटते. धूळ व पक्ष्यांची विष्ठा साचल्यास सकाळी लवकर, पॅनेल तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने व मऊ कापडाने धुवावीत. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. पॅनेलचा कोन बदलण्याची सोय असल्यास हंगामाप्रमाणे तो बदलून घ्यावा. ढगाळ दिवशी पाणी कमी पडेल, ही या साधनाची मर्यादा आहे. परंतु अशा दिवशी पिकाची तहानही कमी असते. नीट निगा राखल्यास पंचवीस वर्षांनीही पॅनेलची शक्ती मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहावी, अशी उत्पादकाची हमी असते. हा पंप विकणे वा दुसऱ्या शेतात हलविणे नियमबाह्य आहे, हेही विसरू नये.

एक इशारा मात्र द्यावयास हवा. सौर पंपास दररोजचा खर्च नाही, म्हणून तो गरज नसतानाही चालू ठेवण्याचा मोह होतो. डिझेल संपत नाही, पण विहीर संपते. वाशिमच्या शिवारात मार्चपर्यंत पाणी टिकवावयाचे असेल, तर पिकाला हवे तेवढेच पाणी काढण्याची शिस्त शेतकऱ्यास स्वतःच पाळावी लागेल.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांकडे एका गोष्टीसाठी मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. योजनेची घोषणा झाल्यावर गावात सभा घेणे हे आपले काम आहेच. परंतु खरे काम घोषणेपूर्वीच्या उन्हाळ्यात करावयाचे असते. आपल्या गावातील वीजजोडणी नसलेल्या विहिरींची एक यादी करावी. प्रत्येक विहिरीपुढे चार रकाने ओढावेत : खातेदार हयात आहे काय, खाते सामाईक आहे काय, विहीर उताऱ्यावर आहे काय, आणि हिवाळ्यात रात्रभरात पाणी किती चढते. ही वही घेऊन तलाठ्यासोबत एक दिवस चावडीत बसावे. ज्या ओळीत उणीव दिसेल, तेथे त्याच दिवशी अर्ज लिहून द्यावा. एका गावात अशा वीस-पंचवीस विहिरी निघतील. दोन-तीन दिवसांत हे काम उरकते.

या यादीत विधवा, परित्यक्ता आणि एकट्या शेती कसणाऱ्या भगिनींची नावे सर्वात वर घ्यावीत. तालुक्याच्या ठिकाणी खेटे घालण्याइतका वेळ आणि पैसा त्यांच्याजवळ नसतो, आणि कागदातील उणीव त्यांच्याच वाट्याला अधिक येते.

गेल्या जानेवारीत त्या भगिनीच्या शेतावर जाण्याचा योग आला. सकाळचे दहा वाजले होते. तुषाराच्या तोट्या फिरत होत्या आणि हरभरा घाट्यावर आला होता. विहिरीजवळच्या खोपीत एक पत्र्याची पेटी होती. तिने ती उघडून नवा सातबारा दाखविला. त्यावर तिचे नाव होते आणि त्याखाली, इतर अधिकारांच्या रकान्यात, सासऱ्याने खोदलेली विहीर होती. पंपापेक्षाही तो कागद तिने अधिक जपून ठेवल्याचे दिसले.

शेतकरी बंधु-भगिनींनो, सूर्य सर्वांच्या शेतावर सारखाच उगवतो. त्याची शक्ती आपल्या विहिरीपर्यंत आणावयाची असेल, तर या उन्हाळ्यात एक दिवस काढून आपला उतारा वाचून घ्यावा, आणि येत्या हिवाळ्यात एक रात्र विहिरीचे माप घ्यावे. मग अर्ज भरण्यास अर्धा तास पुरेल.